तुमच्या फोनच्या लोकेशनवरून शहराची ये-जा कशी कळते? आणि परभणीसारख्या शहरात ती अर्धवट का दिसते?

परभणी जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट बघणारा माणूस हल्ली चौकशीच्या खिडकीकडे फारसा फिरकत नाही. तो खिशातून फोन काढतो, 'व्हेअर इज माय ट्रेन' उघडतो आणि शेजारच्याला सांगतो, "सेलू सोडलंय, मानवत रोड यायचंय अजून."

हे ॲप बंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्ज या छोट्या कंपनीने बनवलं आणि २०१८ मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली. त्यामागची युक्ती अशी की, गाडीत बसलेल्या प्रवाशाचा फोन रुळालगतच्या कुठल्या मोबाइल टॉवरला जोडला गेलाय, हे पाहून गाडीचा पत्ता लावायचा. त्यासाठी जीपीएस नसलं तरी चालतं. म्हणजे गाडी कुठे आहे हे सांगणारं यंत्र प्रवाशांच्याच खिशात असतं.

आता हीच युक्ती थोडी मोठी करून पाहा. गाडीतल्या फोनवरून गाडी कळते, तर शहरातल्या हजारो फोनवरून शहर का कळू नये? सकाळी लोक कुठून निघतात, कुठे जातात, कुठल्या चौकात अडकतात, संध्याकाळी कुठल्या रस्त्याने परततात?

जगभरात गेली पंधरा-वीस वर्षं हेच चाललंय. पण या माहितीवर विसंबून परभणीसारख्या शहराचं चित्र काढायला गेलं, तर दोन अडचणी एकदम येतात. बरीच माणसं त्यात दिसतच नाहीत, आणि जी दिसतात ती सहज ओळखू येतात. हे कसं, ते नीट समजून घेऊ.

फोनला आपण कुठे आहोत हे कळतं कसं?

फोनकडे यासाठी मुख्यतः तीन वाटा असतात.

पहिली उपग्रहाची. जीपीएसचे उपग्रह सतत संदेश पाठवत असतात. फोन तो फक्त ऐकतो आणि वेळेच्या फरकावरून स्वतःची जागा काढतो. मोकळ्या आभाळाखाली ही जागा काही मीटरपर्यंत अचूक असते. फोन स्वतः उपग्रहाला काहीच कळवत नाही. तुमची जागा बाहेर जाते ती पुढच्या टप्प्यावर, एखादं ॲप ती इंटरनेटवरून आपल्या सर्व्हरकडे पाठवतं तेव्हा.

दुसरी मोबाइल टॉवरची. फोन चालू असला की तो कुठल्यातरी टॉवरशी जोडलेला असतो आणि तो टॉवर कुठला हे कंपनीला कळतं. साधा बटणाचा फोन असला तरी कळतं. पण शहरात टॉवर जवळजवळ असतात, खेड्यात लांब लांब. पालम किंवा जिंतूर तालुक्यात एकाच टॉवरच्या टप्प्यात अनेक गावं, वाड्या येऊ शकतात. त्यामुळे पुण्यात जो टॉवर 'अमुक पेठ' सांगतो, तोच इकडे 'या भागात कुठेतरी' एवढंच सांगतो.

तिसरी वाय-फायची. आसपासच्या राउटरची नावं फोनला दिसतात. कुठला राउटर कुठे आहे याची मोठी यादी गुगल आणि ॲपल यांच्याकडे असते. दाट वस्तीत आणि इमारतीच्या आत ही पद्धत चांगली चालते.

तुम्ही पाठवलेलं लोकेशन आणि आपोआप गेलेलं लोकेशन

'लोकेशन शेअर करणं' म्हटलं की डोळ्यांपुढे व्हॉट्सॲप येतं. लग्नाच्या हॉलचा पत्ता पाठवायचा, किंवा रात्री उशिरा निघालेल्या मुलीने घरच्यांना लाइव्ह लोकेशन द्यायचं. व्हॉट्सॲपवर ही सोय २०१७ च्या ऑक्टोबरपासून आहे. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास असे तीन पर्याय असतात. हे लोकेशन मेसेजसारखंच कुलूपबंद जातं. पाठवणारा आणि ज्याला पाठवलं तो, यांच्याशिवाय ते कुणाला वाचता येत नाही, असं कंपनी सांगते.

शहरांचा अभ्यास होतो तो या प्रकारच्या लोकेशनवर नव्हे. तो होतो आपोआप जाणाऱ्या लोकेशनवर. नकाशाचं ॲप उघडून रस्ता शोधताना, रिक्षा बुक करताना, जेवण मागवताना, हवामान बघताना ॲपला तुमची जागा मिळते. काही ॲप्सना मागच्या मागेही मिळत राहते, कारण कधीतरी 'नेहमी परवानगी द्या' यावर बोट पडलेलं असतं. याशिवाय मोबाइल कंपन्यांकडे कुठल्या टॉवरवरून कधी फोन लागला याची नोंद असते, ती वेगळीच.

जाणूनबुजून पाठवलेलं लोकेशन ठरावीक माणसाकडे जातं आणि ठरावीक वेळेनंतर थांबतं. आपोआप जाणारं लोकेशन कुणाकडे जातं आणि कधी थांबतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

ठिपक्यांवरून ये-जा कशी काढतात?

एका फोनची दिवसभराची माहिती म्हणजे नुसते ठिपके असतात: अमुक वेळ, अमुक जागा. त्यातून अर्थ काढण्याची रीत साधी आहे.

ज्या जागी फोन बराच वेळ हलत नाही, तो मुक्काम. दोन मुक्कामांच्या मधला भाग म्हणजे प्रवास. रोज रात्री जिथे मुक्काम पडतो ते घर मानायचं. कामाच्या दिवशी दुपारी जिथे पडतो ते कामाचं किंवा शिक्षणाचं ठिकाण. असे हजारो फोन एकत्र केले की 'या भागातून त्या भागात सकाळी किती जण जातात' असा तक्ता तयार होतो. वाहतूक नियोजनाचा पाया म्हणजे हाच तक्ता. बस कुठून कुठे सोडायची, उड्डाणपूल कुठे हवा, हे त्यावरून ठरतं.

माणसांच्या हालचालीत काही शिस्त असते का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही तपासला आहे. २००८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मार्ता गोन्झालेझ, सेझार हिडाल्गो आणि आल्बर्ट-लास्लो बाराबासी यांचा अभ्यास आला. त्यांनी १ लाख मोबाइल ग्राहकांची सहा महिन्यांची हालचाल पाहिली होती, नावं काढून टाकून. माणसं कितीही फिरली तरी पुन्हा पुन्हा त्याच मोजक्या ठिकाणी येतात, असं त्यातून दिसलं. घर, काम, बाजार, पुन्हा घर. आपलं आयुष्य वाटतं त्यापेक्षा बरंच ठरलेलं असतं.

गुगल मॅप्सवरचा लाल रस्ताही असाच बनतो. रस्त्यावरचे फोन हळू सरकायला लागले की तिथे वाहतूक अडली, असं गणित धरलं जातं. बर्लिनच्या सिमोन वेकर्ट या कलाकाराने २०२० मध्ये या गणिताची गंमत दाखवली. ९९ स्मार्टफोन एका हातगाडीत भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती गाडी हळूहळू ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल झाला. रस्त्यावर गाड्यांची गर्दी नव्हती, एक माणूस होता आणि त्याच्यामागे ९९ फोन. यावर गुगलने सांगितलं होतं की, भारतासह काही देशांत मोटार आणि दुचाकी यांतला फरक ओळखण्याची सोय आपण केली आहे, पण हातगाडीचं कोडं अजून सुटलेलं नाही.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट वाटते, पण या सगळ्या तंत्राची मर्यादा तीत आली. नकाशा फोन मोजतो. माणसं मोजली असं आपण समजतो.

फोन येण्याआधी हे कसं मोजायचे?

चौकात माणूस उभा करून. हातात कागद, आणि जाणाऱ्या प्रत्येक सायकल, रिक्षा, ट्रक, बैलगाडीमागे एक रेघ. आजही रस्ता रुंद करण्याआधी अशी मोजणी होते. घरोघरी जाऊन 'काल तुम्ही कुठे कुठे गेलात' असं विचारणारी पाहणीही होते. दोन्ही पद्धती खर्चिक आहेत, आणि हाती येतं ते एखाद-दोन दिवसांचं चित्र.

२०११ च्या जनगणनेत देशभर विचारलं गेलं की कामाची जागा घरापासून किती लांब आहे आणि तिथे कसं जाता. शेतीबाहेरच्या कामगारांना विचारलेल्या या प्रश्नाच्या उत्तरात दर पाच जणांपैकी एकाहून अधिक जण पायी कामाला जातात, असं निघालं. त्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती आणि शहराची ३ लाखांच्या थोडी वर. त्याच वर्षी परभणीत महानगरपालिका झाली. त्यानंतर शहर वाढलं, दुचाकी वाढल्या, वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोडला नव्या वस्त्या झाल्या. पुढची जनगणना मात्र २०२७ ची.

मधल्या एवढ्या वर्षांचं काय? इथेच लोकेशन डेटाचा मोह पडतो. तो रोजचा आहे, तयार आहे, स्वस्त आहे.

मोठ्या शहरांना त्याचा फायदा मिळतोही. टॉमटॉम या नकाशा कंपनीच्या २०२४ च्या यादीत पुणे जगातलं चौथं सर्वात संथ शहर ठरलं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. ही बातमी सगळीकडे फिरली, त्यावर चर्चा झाल्या, आयुक्तांना प्रश्न विचारले गेले. परभणी त्या यादीत नाही. यादीत नसलेल्या शहराच्या कोंडीची बातमी होत नाही.

लॉकडाऊनने काय दाखवलं?

जिल्ह्याजिल्ह्याची हालचाल सामान्य माणसाला पहिल्यांदा दिसली ती कोरोनाच्या काळात. ३ एप्रिल २०२० ला गुगलने 'कम्युनिटी मोबिलिटी रिपोर्ट' प्रसिद्ध करायला सुरुवात केली. ज्यांनी फोनमध्ये लोकेशन हिस्टरी स्वतःहून चालू केली होती, त्यांची माहिती एकत्र करून हे अहवाल बनत. भारतात आधी राज्यांची आणि पुढे जिल्ह्यांची माहितीही मिळू लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे अहवाल थांबले.

त्यात ठिकाणांचे सहा गट होते: दुकानं आणि करमणूक, किराणा आणि औषधं, बागा, बस-रेल्वे स्थानकं, कामाच्या जागा आणि घर. प्रत्येक गटात नेहमीपेक्षा किती टक्के वाढ किंवा घट झाली, ते दिलेलं असे.

प्रशासनाला याचा उपयोग झाला. लोक खरंच घरात आहेत की नाहीत, निर्बंध उठल्यावर बाजार किती भरले, हे टक्क्यांत कळत होतं. कुणाच्या दारात न जाता, कुणाचं नाव न विचारता.

आता त्या सहा गटांकडे पुन्हा एकदा पाहा. त्यात 'रस्ता' नाही.

८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. ते जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला. हा तोच लोहमार्ग जो पुढे परतूर, सेलू, मानवत रोडवरून परभणीला येतो. त्या दिवसांत अशा अहवालांत स्थानकं ओस पडलेली दिसत होती, आणि ते बरोबरच होतं. पण स्थानकात गाडी नाही म्हणून रुळावरून चालत निघालेला माणूस सहापैकी कुठल्याच खान्यात बसत नव्हता. तो घरी नव्हता, कामावर नव्हता, स्थानकात नव्हता. देश थांबला असं आकडे सांगत होते, आणि त्याच वेळी लाखो माणसं चालत होती.

आकडे खोटे नव्हते. त्यांना विचारलेला प्रश्नच अपुरा होता.

'नेहमीपेक्षा' म्हणजे कधीपेक्षा?

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे, पण परभणी जिल्ह्यासाठी महत्त्वाची आहे.

वाढ-घट मोजायला तुलनेचा काळ लागतो. गुगलने तो ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० असा धरला. या पाच आठवड्यांत सोमवारची तुलना सोमवारशी, मंगळवारची मंगळवारशी, आणि पाचांतला मधला आकडा म्हणजे 'नेहमीचा' दिवस. साऱ्या जगाला एकच मापदंड.

पण जानेवारीत मराठवाड्यात काय चाललेलं असतं? गाळप हंगाम ऐन भरात असतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या कोप्यांवर असतात. बीड जिल्ह्यातून सर्वाधिक लोक जातात, पण परभणीच्या गंगाखेड, पालम भागातूनही दरसाल कोयते निघतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं.

म्हणजे ज्या महिन्याला 'नेहमीचा' म्हटलं गेलं, त्या महिन्यात इथली कित्येक गावं आधीच निम्मी रिकामी होती. उन्हाळ्यात माणसं परतली की ती वाढ 'नेहमीपेक्षा जास्त' ठरणार. खरं तर परत येणं हेच त्या गावाचं नेहमीचं आहे. न्यूयॉर्क आणि गंगाखेड यांना एकच जानेवारी लावला की असं होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. आषाढी जवळ आली की शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरकडे जाते. अशा दिवसांत शहराचा नेहमीचा हिशेब चालत नाही. स्थानिक माणसाला हे सांगावं लागत नाही. दूरच्या सर्व्हरला मात्र कुणीतरी सांगावं लागतं.

नकाशात कोण दिसत नाही?

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के महिलांकडे होता. हा आकडा १५ ते ४९ वयाच्या महिलांचा आहे. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या महिला ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. हे प्रमाण त्यानंतर वाढलं असणार, पण फोन असणं म्हणजे त्यात लोकेशन चालू असणं नव्हे, आणि एका घरात एकच फोन असला की तो बहुधा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो.

आता परभणीतली एक सकाळ डोळ्यांपुढे आणा. घरकाम करणारी बाई पायी तीन घरं करते. भाजीवाली खेड्यातून पहिल्या एसटीने येते. शाळकरी मुलं एका रिक्षात दाटीवाटीने बसतात. म्हातारा शेतकरी सरकारी दवाखान्यात येतो, त्याच्याकडे बटणाचा फोन असतो. आणि एक तरुण दुचाकीवर फोन लावून नकाशा बघत जातो.

लोकेशन डेटात यातला ठसठशीत दिसतो तो शेवटचा. मग त्या डेटावरून 'लोकांना काय हवं' असं विचारलं, तर उत्तर येतं दुचाकीला रुंद रस्ता हवा. घरकाम करणाऱ्या बाईला हवी असलेली सलग फूटपाथ, भाजीवालीला हवी असलेली पहाटेची बस, सावलीचा थांबा या गोष्टी त्या उत्तरात येतच नाहीत. आधीच न दिसणारा माणूस नव्या, 'वैज्ञानिक' नकाशातही दिसत नाही. आणि आता त्याच्या न दिसण्याला आकड्यांचा आधारही मिळतो.

जे दिसतात ते ओळखू येतात

कंपन्या सांगतात, 'आम्ही नावं काढून टाकतो.' पण नाव काढून पुरतं का?

इव्ह-आलेक्झांद्र द मॉन्जॉय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एका युरोपीय देशातल्या १५ लाख लोकांची १५ महिन्यांची मोबाइल माहिती तपासली. नावं अर्थातच नव्हती. तरीही कुठलेही चार ठिपके, म्हणजे अमुक वेळी अमुक भागात, एवढं माहीत असलं तर ९५ टक्के लोक गर्दीतून वेगळे काढता येत होते. कारण तुमचं घर, तुमचं ऑफिस, तुमचा दवाखाना हे सगळं एकत्र असलेला माणूस बहुधा तुम्हीच असता.

लाखोंच्या शहरात ही अवस्था, तर लहान गावाचं काय? रात्री पालम तालुक्यातल्या एका वाडीवर, दिवसा परभणीच्या कृषी विद्यापीठात, आणि दर पंधरवड्याला नांदेडच्या एका दवाखान्यात जाणारा फोन. नाव लिहिलेलं नाही. पण त्या वाडीवरचं शेंबडं पोरही सांगेल तो कुणाचा.

ही माहिती चुकीच्या हाती पडते का? पडते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या हाती अशा व्यापारातली एक फाइल लागली. १ कोटी २० लाखांहून अधिक फोनचे ५ हजार कोटींहून अधिक ठिपके तीत होते. पत्रकारांनी त्यातून सरकारी अधिकारी, वकील, आंदोलक यांची घरं शोधून काढली. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये व्यायामाच्या 'स्ट्रावा' ॲपच्या जागतिक नकाशावर वाळवंटातले लष्करी तळ उजळलेले दिसले होते. सैनिक धावायला जाताना ॲप चालू ठेवत होते. त्या नकाशात नाव कुणाचंच नव्हतं.

यावर उपाय आहेत. गुगलच्या अहवालात आकड्यांमध्ये मुद्दाम थोडी भेसळ केली जायची, म्हणजे एकट्या माणसाचा मागमूस लागू नये. आणि जिथे लोक फार कमी, तिथला आकडाच दिला जात नसे. उपाय योग्यच आहे. पण त्याची किंमत लहान ठिकाणं चुकवतात. मोठ्या शहराचा आकडा दिसतो, छोट्या तालुक्याची जागा कोरी राहते. आकडा दिला तर माणूस उघडा पडतो, झाकला तर गाव नकाशातून पुसलं जातं. परभणीसारख्या जिल्ह्याची खरी कोंडी ही आहे.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. लोकेशनबद्दलचा ताजा निकाल ८ जुलै २०२४ चा आहे. एका आरोपीला जामीन देताना अशी अट घातली होती की, त्याने गुगल मॅपवर आपला पिन टाकून ठेवावा आणि तो तपास अधिकाऱ्याला दिसावा. न्यायालयाने ती अट रद्द केली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या आयुष्यात पोलिसांनी सतत डोकावत राहणं खासगीपणाच्या हक्कात बसत नाही, असा त्याचा अर्थ. गंमत म्हणजे अशा पिनने माणसाचा सतत माग काढता येतच नाही, असं खुद्द गुगलने न्यायालयाला सांगितलं होतं.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. तुमची माहिती घेताना ती कशासाठी हे स्पष्ट सांगून संमती घेतली पाहिजे, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे, असं हा कायदा सांगतो.

मग लोकेशन डेटा वापरूच नये का?

वापरावा. फक्त त्या एकट्यावर भिस्त ठेवू नये, आणि फोनशिवाय मोजण्याचे मार्ग विसरू नयेत.

नाशिकचंच उदाहरण घ्या. २००३ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा जीव गेला. २०१५ च्या सिंहस्थात तिथल्या एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी गर्दी मोजणारी पायघडी तयार केली. तिच्यावर पाय पडला की दाब मोजला जायचा, आणि किती माणसं कुठून पुढे सरकतायत हे लगेच कळायचं. तिचं नाव 'आशिओतो', जपानी भाषेत पावलांचा आवाज. या पायघडीला कुणाचा फोन लागत नव्हता, नाव लागत नव्हतं. स्मार्टफोनवाला आणि अनवाणी म्हातारी, दोघांचं पाऊल तिला सारखंच.

परभणीत तर एक खजिना आधीच हातात आहे. एसटीच्या वाहकाच्या गळ्यातलं तिकिटाचं यंत्र. प्रत्येक तिकिटावर चढण्याचा थांबा, उतरण्याचा थांबा, वेळ आणि सवलतीचा प्रकार नोंदला जातो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. म्हणजे जिंतूर, पाथरी, गंगाखेड, परभणी या आगारांच्या गाड्यांतून किती महिला कुठून कुठे, किती वाजता जातात आणि किती वृद्ध जातात, हे यंत्रात आहे. फोनच्या नकाशात जे सर्वात कमी दिसतात, तेच या नोंदीत ठळक दिसतात. आणि तिकिटावर कुणाचं नाव नसतं.

फोनचे ठिपके, एसटीची तिकिटं, चौकातली हातमोजणी आणि दोन-चार वस्त्यांत जाऊन विचारलेले प्रश्न. हे चार कागद शेजारी शेजारी ठेवले की जिथे ते जुळत नाहीत, तिथेच न दिसणारा माणूस सापडतो. याला मोठी कंपनी लागत नाही. कृषी विद्यापीठ, महाविद्यालयं, महानगरपालिका आणि एसटीचं विभागीय कार्यालय एवढ्यांत ते होऊ शकतं.

तुम्ही काय करू शकता?

पाच मिनिटांचं काम आहे.

फोनच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' उघडा आणि कुठल्या ॲपला परवानगी आहे ते बघा. नकाशा, रिक्षा, रेल्वेच्या ॲपला 'फक्त वापरताना' पुरेसं आहे. टॉर्च, गेम, फोटो सजवण्याच्या ॲपला लोकेशनची गरज नसते, ते काढून टाका.

हवामानासारख्या ॲपला 'नेमकं लोकेशन' बंद करून अंदाजे द्या. पाऊस परभणीत पडणार की नाही, एवढंच तर त्याला सांगायचंय.

गुगल मॅप्समधली टाइमलाइन तपासा. तिची माहिती आता गुगलच्या सर्व्हरऐवजी फोनमध्येच साठते. हवी तर ठेवा, नको तर पुसा.

व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये 'लाइव्ह लोकेशन' उघडून बघा. कुणाला दिलेलं अजून चालू आहे का, ते तिथे दिसतं. आणि घरातल्या मुलांचं लोकेशन बघायचं असेल, तर त्यांना सांगून बघा.

शेवटचं काम फोनबाहेरचं आहे. पुढच्या वेळी 'डेटानुसार या रस्त्यावर गर्दी नाही' किंवा 'या मार्गावर बसला प्रवासी नाहीत' असं कुणी म्हटलं, तर एक प्रश्न नक्की विचारा: हा डेटा कुणाच्या खिशातून आलाय, आणि ज्यांच्या खिशात फोन नाही त्यांना कुणी मोजलं?